थायरॉइड विकार आणि मानसिक आजाराचे निदान

थायरॉइड विकार आणि मानसिक आजाराचे निदान हा वैद्यकशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. गळ्यातील अवटू अर्थात थायरॉइड ग्रंथीच्या स्रावात घट किंवा वाढ झाली असता थकवा, उदासी, चिडचिड, धडधड, निद्रानाश, विस्मरण अशी लक्षणे उद्भवतात. नैराश्य, चिंताविकार इत्यादी मानसिक आजारांतही हीच लक्षणे आढळतात. त्यामुळे ग्रंथीचा विकार असताना रुग्णाला मानसिक ताण असल्याचे सांगितले जाण्याचा संभव असतो, आणि क्वचित याच्या उलटही घडते. असे निदान रुग्णाला पटत नसेल, तर त्याबद्दल शंका विचारणे हा त्याचा अधिकार आहे. अशा शंकेचे निरसन बहुतेक वेळा रक्ताच्या साध्या तपासणीने होऊ शकते. थायरॉइड विकारांचा इतिहास पाहिला, तर मनाकडे बोट दाखवणारी अनेक स्पष्टीकरणे पुढे शारीरिक कारण सापडल्यावर मागे पडल्याचे दिसते.

ग्रंथीचे कार्य आणि मनाशी संबंध

अवटू ग्रंथी मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर असते व तिचा आकार साधारणपणे फुलपाखरासारखा असतो. ती प्रामुख्याने थायरॉक्सिन (टी४) आणि ट्रायआयोडोथायरोनिन (टी३) ही संप्रेरके तयार करते. या दोन्हींच्या निर्मितीसाठी आयोडीन आवश्यक असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक स्रवून अवटू ग्रंथीवर नियंत्रण ठेवते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की टीएसएच वाढते आणि थायरॉक्सिन वाढले की टीएसएच घटते. या उलटसुलट नात्यामुळेच टीएसएचची तपासणी ग्रंथीच्या आजाराची पहिली खूण ठरते.

थायरॉक्सिन शरीरातील बहुतेक सर्व पेशींचा चयापचय नियंत्रित करते. मेंदूही त्याला अपवाद नाही. गर्भावस्थेत आणि शैशवात या संप्रेरकाची तीव्र कमतरता राहिल्यास मेंदूची वाढ खुंटते व कायमचे बौद्धिक अपंगत्व येऊ शकते. प्रौढ वयात कमतरता आल्यास विचारांची गती मंदावते, एकाग्रता कमी होते आणि मन उदास राहते. अतिरेक झाल्यास अस्वस्थता, घाई, कंप आणि झोपमोड होते. म्हणून या विकारात मानसिक लक्षणे दिसणे हे अपवादात्मक नाही. ती आजाराच्या मूळ स्वरूपाचाच भाग असतात.

लक्षणांची सरमिसळ

अवटू ग्रंथीच्या अल्पक्रियतेत थकवा, वजनवाढ, उदासी, विस्मरण, जास्त झोप आणि कामातील निरुत्साह ही लक्षणे आढळतात. नैराश्याचे वर्णन करतानाही जवळपास हेच शब्द वापरले जातात. परंतु अल्पक्रियतेत यांखेरीज थंडी सहन न होणे, त्वचा कोरडी पडणे, आवाज घोगरा होणे, बद्धकोष्ठता, केस गळणे, नाडी मंद होणे, चेहऱ्यावर व पापण्यांवर सूज येणे आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीत अधिक रक्तस्राव होणे अशी शारीरिक चिन्हेही असू शकतात. घोट्याजवळच्या स्नायुबंधावर हातोडी मारल्यावर येणारी प्रतिक्षिप्त हालचाल या रुग्णांत सावकाश ओसरते. डॉक्टरांना तपासणीच्या टेबलावरच दिसणारी ही एक जुनी खूण आहे.

अतिक्रियतेची गल्लत बहुधा चिंताविकाराशी होते. धडधड, घाम, हाताचा कंप, चिडचिड आणि झोप न लागणे ही लक्षणे दोन्हींत असतात. मात्र अतिक्रियतेत भूक चांगली असूनही वजन घटते, उष्णता सहन होत नाही आणि तळहात उबदार व ओलसर असतात. निव्वळ चिंतेत तळहात घामेजलेले असले तरी ते अनेकदा थंड लागतात. चिंताग्रस्त व्यक्तीची नाडी झोपेत संथ होते, तर अतिक्रियतेच्या रुग्णाची नाडी झोपेतही जलद राहू शकते. डोळे बाहेर आल्यासारखे दिसणे आणि गळ्यावर सूज असणे ही ग्रेव्हज आजाराची महत्त्वाची चिन्हे आहेत.

वृद्धांमध्ये चित्र आणखी फसवे असते. अमेरिकी शल्यचिकित्सक फ्रँक लाहे यांनी १९३१ साली अतिक्रियतेच्या एका उदासीन प्रकाराचे वर्णन केले. त्यात रुग्ण अस्वस्थ दिसण्याऐवजी मलूल, निरिच्छ आणि खंगलेला दिसतो. अशा व्यक्तीला ‘वयामुळे मन लागत नाही’ असे म्हणून दुर्लक्षित केले जाण्याचा धोका असतो.

बाळंतपणानंतरचा काळही असाच नाजूक असतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांना अवटू ग्रंथीचा दाह होतो. त्यात आधी काही आठवडे संप्रेरक वाढते आणि नंतर काही महिने घटते. पहिल्या टप्प्यात धडधड व चिडचिड, तर दुसऱ्या टप्प्यात थकवा व उदासी येते. तान्ह्या बाळाची जागरणे आणि प्रसूतीनंतरचे नैराश्य यांच्या आड हा आजार सहज झाकला जातो.

इतिहास

हिस्टेरियाचा शिक्का आणि ग्रेव्हज आजार

इंग्लंडमधील बाथ येथील वैद्य केलेब पॅरी यांनी गळ्याची सूज आणि हृदयाची धडधड एकत्र आढळलेल्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांच्या रुग्णांपैकी एका तरुणीला चाकाच्या खुर्चीतून उतारावर वेगाने जाताना पडल्यामुळे जबर भीती बसली होती आणि त्यानंतर लवकरच तिला हा आजार जडल्याची नोंद आहे. आजाराचे मूळ भीतीत शोधण्याची परंपरा येथपासून दिसते.

डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात वीस वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत आहे. तिची लक्षणे प्रथम हिस्टेरियाची समजली गेली होती. हिस्टेरिया हे निदान त्या काळी विशेषतः स्त्रियांच्या, कारण न सापडलेल्या तक्रारींसाठी सर्रास वापरले जाई. काही महिन्यांनी तिची नाडी कमालीची जलद झाल्याचे लक्षात आले आणि त्यानंतर डोळ्यांतील बदल व गळ्याची सूज दिसू लागली. ज्या लेखनामुळे या आजाराला ग्रेव्हज यांचे नाव मिळाले, त्या लेखनातच मानसिक निदान आधी आणि नाडीची मोजणी नंतर, असा क्रम नोंदलेला आहे. जर्मनीतील कार्ल फॉन बासेडोव यांनी १८४० साली याच आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. त्यामुळे युरोपात काही ठिकाणी तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

श्लेष्मशोफ आणि वेड

अल्पक्रियतेच्या तीव्र अवस्थेचे वर्णन लंडनमधील विल्यम गल यांनी १८७३ साली केले. विल्यम ऑर्ड यांनी पुढे तिला ‘मिक्सिडिमा’ म्हणजे श्लेष्मशोफ हे नाव दिले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने नेमलेल्या समितीचा अहवाल १८८८ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत भ्रम व भास आढळल्याचे त्यात नमूद होते. १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्णेवर यशस्वी उपचार केले. १९१४ साली एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे थायरॉक्सिन वेगळे केले.

कारण कळले आणि उपायही सापडला, तरी असे रुग्ण मनोरुग्णालयांत पोहोचत राहिले. ए. जे. क्रोनिन हे स्वतः डॉक्टर असलेले कादंबरीकार होते. त्यांच्या ‘द सिटाडेल’ (१९३७) या कादंबरीत एका माणसाला वेडा ठरवून रुग्णालयात पाठवण्याची तयारी झालेली असते. तरुण डॉक्टर त्याचा श्लेष्मशोफ ओळखतो आणि उपचाराने तो माणूस बरा होतो. भारतीय प्रेक्षकांना ही कादंबरी १९७१ सालच्या ‘तेरे मेरे सपने’ या हिंदी चित्रपटाची मूळ कथा म्हणून परिचित आहे.

कादंबरीतील या प्रसंगाला १९४९ साली वैद्यकीय पुरावा मिळाला. लंडनमधील सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयातील डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये श्लेष्मशोफातील वेडावर लेख लिहिला. गंभीर मानसिक लक्षणे असलेल्या १४ रुग्णांची माहिती त्यात होती. थायरॉइडच्या औषधाने त्यांतील ९ जण पूर्ण बरे झाले. हाच आजार मनोरुग्णालयांत ओळखला न जाता राहतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. विशेष म्हणजे, आजारी असल्याचे सोंग करून रुग्णालयांत फिरणाऱ्या व्यक्तींसाठी ‘मुंचाउझेन सिंड्रोम’ ही संज्ञा १९५१ साली याच अ‍ॅशर यांनी रूढ केली. खोटे आजार ओळखण्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या डॉक्टरनेच खऱ्या आजारावरचा वेडाचा शिक्का पुसला होता.

मनोदैहिक सिद्धान्त आणि प्रतिपिंडांचा शोध

विसाव्या शतकाच्या मध्यास मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली मनोदैहिक वैद्यकाची शाखा बहरली. फ्रांझ अलेक्झांडर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सात आजारांची मांडणी भावनिक संघर्षांशी जोडून केली. दमा, जठरव्रण, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, संधिवाताभ संधिशोथ, उच्च रक्तदाब, त्वचादाह आणि अवटू ग्रंथीची अतिक्रियता हे ते सात आजार होत. अतिक्रियतेच्या रुग्णांत बालपणीच सुरक्षितता हरवल्याची भीती आणि अकाली स्वावलंबी होण्याची धडपड दिसते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यानंतर सहाच वर्षांनी चित्र बदलले. १९५६ साली न्यूझीलंडमधील डंकन अ‍ॅडम्स व हर्बर्ट पर्व्हेस यांना ग्रेव्हज आजाराच्या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करणारा घटक आढळला. हा घटक म्हणजे शरीराने स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांनी हाशिमोटो आजारातील रुग्णांच्या रक्तात अवटू ग्रंथीविरोधी प्रतिपिंड दाखवले. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी या आजाराचे वर्णन १९१२ सालीच केले होते. थायरॉइडचे बहुसंख्य विकार स्वप्रतिरक्षेचे, म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने स्वतःवरच हल्ला केल्याचे आहेत, हे यातून सिद्ध झाले.

याचा अर्थ ताणाचा काहीच संबंध नाही, असा नाही. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात ग्रेव्हज आजाराच्या नव्या रुग्णांनी निदानापूर्वीच्या वर्षात इतरांपेक्षा अधिक दुःखद घटना अनुभवल्याचे आढळले. मात्र आजार सुरू होण्यास ताणाने हातभार लावणे आणि आजार म्हणजेच ताण असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या स्थितीतही उपचार ग्रंथीवरच करावे लागतात.

तपासणी आणि तिच्या मर्यादा

रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे रक्तातील अत्यल्प संप्रेरकांची मोजणी शक्य झाली. यॅलो यांना त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज लहान शहरांतील प्रयोगशाळांतही टीएसएचची तपासणी होते. प्रौढांमध्ये टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला सुमारे ०.४ ते ४ मिलियुनिट मानली जाते, तथापि वय, गर्भावस्था आणि प्रयोगशाळेची पद्धत यांनुसार ती बदलते.

बहुतेक रुग्णांत टीएसएच पुरेसे असते. परंतु पुढील परिस्थितींत केवळ टीएसएचवर विसंबून राहिल्यास चूक होऊ शकते.

पीयूषिका ग्रंथीचा विकार असल्यास थायरॉक्सिन कमी असूनही टीएसएच ‘नॉर्मल’ दिसू शकते. प्रसूतीत अतिरक्तस्राव झाल्यामुळे पीयूषिका ग्रंथीला इजा होणाऱ्या शीहान सिंड्रोममध्ये हे घडते. दूध न येणे, पाळी पुन्हा सुरू न होणे, रक्तदाब कमी राहणे व सततचा थकवा ही त्याची लक्षणे होत. तो वर्षानुवर्षे ओळखला जात नाही आणि त्यातही मानसिक लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी मुक्त थायरॉक्सिन म्हणजे फ्री टी४ मोजणे आवश्यक ठरते.

केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या काही चाचणीपद्धतींत ढवळाढवळ करतात आणि ग्रंथी अतिक्रिय असल्याचा खोटा निष्कर्ष देऊ शकतात. म्हणून अशा गोळ्यांची माहिती तपासणीपूर्वी देणे इष्ट असते.

द्विध्रुवी मनोविकारावर दिले जाणारे लिथियम हे औषध स्वतःच अल्पक्रियता निर्माण करू शकते. त्यामुळे मानसिक आजाराचे निदान खरे असले, तरी अशा रुग्णाची थायरॉइड तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. उलटपक्षी, तीव्र मानसिक आजाराच्या झटक्यात थायरॉक्सिनची पातळी तात्पुरती वाढलेली आढळू शकते. अशा वेळी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे योग्य ठरते.

उपचार चालू असतानाही शंकेला जागा असते. थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी घ्यावयाची असते. चहा, कॉफी, लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्यास ती पुरेशी शोषली जात नाही. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिर होण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात टिकून राहिलेल्या थकव्याला लगेच मानसिक ठरवणे घाईचे असते.

मानसिक निदानाचे निकष

शारीरिक तपासणीत काही सापडले नाही म्हणून आजार मानसिक, असा तर्क आधुनिक मानसोपचारशास्त्राला मान्य नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेनुसार नैराश्याचे निदान करताना लक्षणे एखाद्या औषधामुळे वा अन्य शारीरिक आजारामुळे उद्भवलेली नाहीत, हे पाहावे लागते. तिच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने शारीरिक लक्षणांशी निगडित विकारांच्या व्याख्येतून ‘वैद्यकीय कारण न सापडणे’ ही अट वगळली. त्याऐवजी लक्षणांबद्दलचे अतिरेकी विचार, भावना व वर्तन ही प्रत्यक्ष दिसणारी चिन्हे महत्त्वाची मानली गेली. मानसिक निदान उरलेल्या रिकाम्या जागेत भरायचे नसते. त्याला स्वतःचा पुरावा लागतो.

रुग्णावर एकदा मानसिक आजाराचा शिक्का बसला की त्याच्या पुढच्या सर्व तक्रारी त्याच चष्म्यातून पाहिल्या जाण्याची शक्यता असते. या प्रवृत्तीला वैद्यकीय साहित्यात ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात. ही संज्ञा १९८० च्या दशकात प्रथम बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या संदर्भात वापरली गेली आणि पुढे मानसिक आजाराच्या रुग्णांनाही लागू झाली. जुन्या निदानाची सावली नव्या लक्षणावर पडते, असे तिचे वर्णन करता येईल.

दुसरी बाजू

प्रत्येक थकवा थायरॉइडमुळे येत नाही, हेही तितकेच खरे आहे. नैराश्य व चिंताविकार हे अत्यंत सामान्य आणि उपचारसाध्य आजार आहेत. योग्य तपासण्या वारंवार नॉर्मल येत असताना ग्रंथीलाच दोष देत राहिल्यास आवश्यक मानसोपचार लांबतात. रक्ताल्पता, बी१२ व ड जीवनसत्त्वांची कमतरता, मधुमेह, निद्राश्वसनरोध अशी थकव्याची इतर कारणेही तपासावी लागतात.

टीएसएच किंचित वाढलेले पण थायरॉक्सिन नॉर्मल असलेल्या स्थितीला अव्यक्त अल्पक्रियता म्हणतात. या स्थितीत औषधाने बरे वाटतेच असे नाही. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर झालेल्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. थायरॉक्सिन दिल्याने थकवा वा इतर लक्षणांत लक्षणीय सुधारणा झाली नाही, असे त्यात आढळले. गरज नसताना थायरॉक्सिन घेतल्यास हृदयाची लय बिघडणे आणि हाडे ठिसूळ होणे असे धोके संभवतात.

टीएसएच नॉर्मल झाल्यावरही काही रुग्णांना बरे वाटत नाही. त्यामागचे कारण हा आजही संशोधनाचा विषय आहे. थायरॉक्सिनसोबत टी३ दिल्यास मनःस्थिती सुधारते, असा निष्कर्ष १९९९ साली ३३ रुग्णांवरील एका लहान अभ्यासात निघाला. नंतरच्या बहुतेक चाचण्यांत मात्र त्याला दुजोरा मिळाला नाही. या रुग्णांची तक्रार खरी मानून तिचा शोध चालू ठेवणे आणि सिद्ध न झालेले उपाय टाळणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात थायरॉइडचा प्रश्न दीर्घकाळ गलगंडाच्या रूपाने ओळखला जात होता. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाचा गलगंडावरील परिणाम सिद्ध केला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनच्या कमतरतेमुळे केवळ गळाच सुजत नाही, तर बुद्धीच्या विकासावरही परिणाम होतो, हे ध्यानात घेऊन १९९२ साली त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले.

आयोडीनयुक्त मिठाच्या प्रसारानंतर देशातील आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांचे सर्वेक्षण झाले. या शहरांत मुंबई आणि गोवा यांचाही समावेश होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०.९५ टक्के व्यक्तींना अल्पक्रियता होती. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश व्यक्तींना, म्हणजे एकूण सहभागींपैकी ३.४७ टक्के लोकांना, तपासणी होईपर्यंत आपल्या आजाराची कल्पना नव्हती. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. निदानापासून वंचित राहिलेल्या या लोकांपैकी कोणाच्या थकव्याला घरात आणि दवाखान्यात कोणते नाव दिले गेले असेल, हे आकडे सांगत नाहीत. तथापि निदान न झालेल्या आजाराचे प्रमाण लक्षात घेता ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यापूर्वी टीएसएच तपासण्याची गरज स्पष्ट होते.

मराठी समाजात स्त्रीच्या थकव्याकडे पाहण्याची रीतही येथे महत्त्वाची ठरते. ‘नुसता विचार करते’, ‘मनाला लावून घेते’, ‘कामाचा कंटाळा’ अशी स्पष्टीकरणे घरातूनच तयार असतात आणि दवाखान्यात तक्रार मांडताना बरेचदा सोबत आलेली व्यक्तीच ती पुरवते. थायरॉइड विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळतात. त्यामुळे अशा तयार स्पष्टीकरणांचा सर्वाधिक फटका ज्यांना आजाराचा धोका जास्त, त्यांनाच बसतो.

महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र या दृष्टीने नाशिकला वेगळे स्थान आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे म्हसरूळ परिसरात आहे. राज्यातील आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी आणि परिचर्या या शाखांची महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. ग्रामीण व निमशहरी भागांत थकव्याची तक्रार प्रथम ऐकणारे डॉक्टर यांपैकी कोणत्याही शाखेचे असू शकतात. त्यामुळे थायरॉइड आणि मानसिक आजार यांतील फरक ओळखण्याचे शिक्षण केवळ तज्ज्ञांपुरते मर्यादित राहून भागत नाही.

निदानाबद्दल शंका आणि रुग्णाचे अधिकार

मानसिक निदानावर आक्षेप घेणे म्हणजे मानसिक आजाराला कमी लेखणे नव्हे. निदान कशाच्या आधारावर केले, एवढाच प्रश्न त्यात असतो. टीएसएच व फ्री टी४ तपासले आहेत का, त्यांचे आकडे काय आले, तपासणी केव्हा झाली, त्या वेळी कोणती औषधे चालू होती, ग्रंथीविरोधी प्रतिपिंडांची चाचणी आवश्यक वाटते का, आणि मानसिक आजाराची कोणती प्रत्यक्ष चिन्हे दिसली, हे प्रश्न डॉक्टरांना आदरपूर्वक विचारता येतात. लक्षणे सुरू झाल्याची तारीख, वजनातील बदल, पाळीतील बदल, सकाळची विश्रांतीतील नाडी आणि कुटुंबातील थायरॉइडचा इतिहास यांची लेखी नोंद सोबत नेल्यास चर्चा तक्रारीऐवजी माहितीवर होते. अहवालावरील केवळ ‘नॉर्मल’ या शब्दापेक्षा प्रत्यक्ष आकडा आणि प्रयोगशाळेची मर्यादा अधिक उपयुक्त असते.

अहवाल व केसपेपर मिळवणे हा रुग्णाचा अधिकार आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार, रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालाच त्याची कागदपत्रे नाकारता येत नाहीत, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात घेतली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याच्या हक्काचा समावेश आहे. महाराष्ट्राच्या २०२१ सालच्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदाही या संदर्भात महत्त्वाचा आहे. मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेले वैद्यकीय निकष वापरले पाहिजेत, असे त्याचे तिसरे कलम सांगते. पूर्वी मानसिक उपचार घेतले होते, एवढ्याच कारणावरून आजचे वा भविष्यातील निदान करता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद त्याच कलमात आहे. एकदा नैराश्यावर औषध घेतलेल्या व्यक्तीची नवी धडधड जुन्या कागदाकडे बोट दाखवून निकालात काढू नये, असा तिचा व्यावहारिक अर्थ घेता येतो.

निदान चुकले म्हणजे डॉक्टर दोषी, असा मात्र कायद्याचा अर्थ नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात स्पष्ट केले. निर्णयातील प्रामाणिक चूक म्हणजे आपोआप निष्काळजीपणा होत नाही, हे याच न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले. म्हणून तक्रारीच्या मार्गापूर्वी प्रश्न विचारणे, तपासणी पुन्हा करणे आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांचे दुसरे मत घेणे हे मार्ग अधिक लवकर उपयोगी पडतात.

शारीरिक आणि मानसिक उपचार एकमेकांचे पर्याय असतीलच असे नाही. अल्पक्रियता व नैराश्य एकाच व्यक्तीत एकत्र असू शकतात. त्या वेळी थायरॉक्सिन आणि मानसोपचार दोन्ही चालू ठेवावे लागतात. आत्मघाताचे विचार येत असल्यास थायरॉइडच्या अहवालाची वाट न पाहता तातडीने मदत घेणे आवश्यक असते. त्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

अवटू ग्रंथी
गलगंड
ग्रेव्हज आजार
हाशिमोटो आजार
नैराश्य
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७